चाळीस पेट्या, एकच यंत्र

१४ डिसेंबर, शनिवार. काम: प्रयोगशाळेतल्या चाळीस संगणकांना वेगवेगळी नावं आणि नंबर देणे, मग सराव चाचणी. डायरीत त्यापुढे मी ‘नऊ ते अकरा’ असं लिहिलं होतं. मी कामाला नेहमी वेळ कमीच धरते, आणि बहुतेक वेळा काम तेवढ्यात होतंही.

लातूरच्या एका मुलींच्या महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते. हुद्दा साहाय्यकाचा, काम फडक्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं. सोमवारी आमच्याकडे संगणक टंकलेखनाची परीक्षा होती. चाळीस मुली, चाळीस मशीन, एकच पाळी. परीक्षा घेणाऱ्या कंपनीची अट अशी होती की शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत सगळी मशीन एकाच वेळी त्यांच्या सर्व्हरला जोडून सराव चाचणी पार पडली पाहिजे. जेवढी मशीन पास, तेवढ्याच मुली लातूरला. बाकीच्या नांदेडच्या केंद्रावर.

नांदेड काही परदेश नाही. पण परीक्षेला सकाळी साडेआठला हजर व्हायचं होतं, आणि औसा-निलंग्याकडच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींना त्यासाठी आदल्या दिवशीच घर सोडावं लागलं असतं. घरून कितींना सोडलं असतं, त्याचा अंदाज मला होता. म्हणून तो विचार मी करत नव्हते.

मशीन नवीन होती. अशा वेळी प्रत्येक मशीनवर सगळं वेगळं बसवत कोणी बसत नाही. एक मशीन नीट तयार करायचं, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि ती बाकीच्या एकोणचाळिसांवर उतरवायची. हे मी आधीही केलेलं होतं. फक्त प्रत काढायच्या आधी एक पायरी असते. प्रत्येक मशीनच्या पोटात त्याची स्वतःची ओळख म्हणून एक लांबलचक नंबर असतो, तो पुसायचा. म्हणजे प्रत उतरली की प्रत्येक मशीन पहिल्यांदा सुरू होताना आपला नवा नंबर तयार करतं. पुसला नाही, तर चाळीसही मशीन स्वतःला पहिलंच मशीन समजतात.

ती पायरी मी गाळली. विसरले नाही, गाळली. शुक्रवारी मी मूळ मशीनवर परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवलं, कंपनीच्या सर्व्हरवर त्याची नोंदणी केली, एक सराव पेपर सोडवून पाहिला. सगळीकडे हिरवी खूण. शितावरून भाताची परीक्षा. आता नंबर पुसला तर ही नोंदणीही उडेल, पुन्हा सगळं करावं लागेल, म्हणून चांगल्या चाललेल्या मशीनला हात लावला नाही. तशीच प्रत काढली आणि उतरवली.

शनिवारी नऊला मी आणि चाचा कामाला बसलो. चाचा आमच्या महाविद्यालयाचे वायरमन, निवृत्तीला आलेले. खरं तर त्यांचं काम तारा आणि बटणांपुरतं, पण प्रयोगशाळेचं नेटवर्क त्यांनीच ओढलेलं, त्यामुळे परीक्षा असली की ते माझ्यासोबत असतात. मी प्रत्येक मशीनचं नाव बदललं, नेटवर्कवरचा पत्ता बदलला. चाचांनी आसनक्रमांकाचे स्टिकर गुरुवारीच लावून ठेवले होते, आता ते तारा तपासत होते. अकराला पाच मिनिटं असताना काम संपलं. मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत पहिलं मशीन सर्व्हरला जोडलं. हिरवं. दुसरं जोडलं. हिरवं. मागं वळून पाहिलं तर पहिलं लाल. पहिलं पुन्हा जोडलं, दुसरं लाल. तिसरं लावलं, दोन्ही गेली. चाळीसही मशीनवर हाच खेळ. एक उघडलं की दुसरं बंद.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे पुण्याचा एक तरुण होता, आवाज शांत.

“मॅडम, तुमच्याकडून सर्व्हरला एकच यंत्र दिसतंय.”

“चाळीस आहेत. समोर बसलीयत माझ्या.”

“चाळीस पेट्या असतील, मॅडम. यंत्र एकच आहे. नोंदणी करून मग प्रत काढलीत का?”

मी हो म्हटलं. त्या ‘हो’ची मला शरम वाटली.

त्याने उपाय सांगितला. जुनी नोंदणी उडवायची, आतला नंबर पुसायचा, मशीन दोनदा बंद-चालू होऊ द्यायचं, मग नव्याने नोंदणी. एका मशीनला अर्धा तास. नेटवर्कवरून सगळ्यांना एकदम करता येणार नव्हतं, कारण नाव आणि पत्ता वेगळा असला तरी आतला नंबर सगळ्यांचा एकच होता. प्रत्येकाजवळ पेनड्राइव्ह घेऊन जायचं. माझ्याकडे चार पेनड्राइव्ह होते. घड्याळात साडेअकरा.

“चाचा, सगळं पुन्हा करायचंय,” मी म्हटलं.

“सगळं म्हंजे?”

“चाळीसही.”

चाचांनी चहाचा कप खिडकीत ठेवला. “मग बसून काय करून राहिलो आपण?” म्हणाले, आणि दोन पेनड्राइव्ह माझ्या हातातून घेतले.

बाराच्या सुमारास दारात एक मुलगी आली. मुलगी म्हणजे लग्न झालेली, कडेवर पाच महिन्यांचं बाळ. औशाच्या पुढच्या एका खेड्यातून आसन पाहून ठेवायला आली होती. मागे व्हरांड्यात तिची सासू पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी मशीनवरून मान न वळवता नंबर विचारला.

“दहा हाय, मॅडम.”

“स्टिकर बघ आणि बसून बघ.”

ती दाराजवळच्या मशीनपुढे बसली. “बरं झालं दाराजवळ आलं,” म्हणाली. “सासूबाई इथंच बाहेर बसतेल. रडलं तर मला ऐकू येतंय.”

“रडलं तर ऐकायचं नाही. पेपर सोडवायचा.”

ती हसली. मग म्हणाली, “मागच्या टायमाला नांदेड सेंटर आलतं मॅडम. घरात म्हणले, फुडच्या वर्षी बघू. ह्या टायमाला लातूर आलं म्हणून सासूबाई हाव म्हणल्या. लातूरपर्यंतच म्हणल्या.”

मी पेनड्राइव्ह काढून पुढच्या मशीनला लावला. तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? ती गेली, जाताना व्हरांड्यातून सासूचा आवाज आला, “झालं का बघून? काय नवरदेव हाय का ते बघायला?”

दोनपर्यंत सव्वीस मशीन झाली. मी मधल्या वेळात प्राचार्यांना फोन केला. ते उदगीरला लग्नाला गेलेले. मागे बँड वाजत होता. दोनदा सांगितलं, दोनदा त्यांनी ‘काय?’ म्हटलं, मग म्हणाले, “तुम्ही बघून घ्या, मॅडम. तुम्हाला सगळं माहीत असतं.” मी फोन ठेवला. डबा सकाळपासून टेबलाखाली होता, तो तसाच राहिला.

दोन चाळीसला लाइट गेली. यूपीएस जुनी, दहा मिनिटंही धरत नाही. अकरा मशीन त्या क्षणी बंद-चालू होण्याच्या मध्ये होती. चाचा जनरेटरकडे पळाले. साठीला आलेल्या माणसाला मी तसं पळताना आधी पाहिलं नव्हतं. मी हॉलच्या मधोमध उभी राहून यूपीएसचा टीं-टीं आवाज ऐकत होते आणि करण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं. हातात काम नसलं की मला काय होतं, ते त्या दिवशी कळलं. मी एका कोऱ्या कागदावर एक ते चाळीस आकडे लिहीत बसले.

जनरेटर लागला. दहा मशीन सावरली, एक उठलंच नाही. शिल्लक ठेवलेलं एकमेव जादा मशीन त्याच्या जागी लावलं आणि त्याच्यावर सुरुवातीपासून सगळं केलं. साडेतीनला चाळीसही मशीनचे आतले नंबर वेगळे होते. मी एकेकाचे शेवटचे चार अंक कागदावर टिपून घेतले आणि ताडून पाहिले. एकही जोडी नव्हती. मग सर्व्हरच्या यादीत प्रत्येक मशीनपुढे आसनक्रमांक भरला: पहिल्या रांगेत दाराकडून एक, दोन, तीन, आणि तसंच पुढं.

नंतर मी तपासणीला निघाले. दाराजवळच्या मशीनवर उमेदवाराचा फोटो उघडला. भलत्याच मुलीचा फोटो. आसनक्रमांक एक. सकाळी ती बाळवाली इथंच बसली होती, आणि ती दहा म्हणाली होती. मी पहिल्यांदा स्टिकर वाचला. दहा.

शेजारचं नऊ. त्याच्या शेजारचं आठ. एक नंबर पार पलीकडे, भिंतीला.

“चाचा, हे उलटं लावलंत.”

चाचा आले. रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “उलटं कुठंय? उजव्या हातानं सुरू केलंय.”

“डावीकडून असतं.”

“तुमच्याकडं असतं. आमच्या उर्दू शाळेत सगळं उजवीकडून. मी बावीस साल मेन बोर्डावर बटणाचे नंबर तसेच टाकतो. तुम्ही रोज तीच बटणं दाबता, बाई. कधी बोलला नाहीत.”

खरं होतं. बावीस वर्षं मी पंख्यासाठी शेवटचं बटण दाबते आणि त्याला एक नंबर म्हणते. कधी विचारलं नाही.

चार वाजले होते. स्टिकर काढता येत नव्हते, कारण स्टिकरसकट हॉलचे फोटो शुक्रवारीच कंपनीकडे गेले होते. माझ्या डोक्यात फक्त एकच होतं, की आता पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा अर्धा तास, पुन्हा चाळीस. मी खुर्चीवर बसले. सकाळपासून पहिल्यांदा.

चाचांनी विचारलं, “मशीनच्या पोटातला नंबर बदलायचा का?”

“नाही. तो बरोबर आहे.”

“मग आसनाचा नंबर कुठंय?”

“यादीत. सर्व्हरच्या.”

“मग मशीनला कशाला हात लावता? यादीत बदला की.”

मला हे सुचायला हवं होतं. आतला नंबर मशीनचा, आसनक्रमांक आपण त्याला चिकटवलेला. मी यादी उघडली, चाचा स्टिकर वाचत गेले, मी भरत गेले. अठरा मिनिटं लागली. मग सगळी मशीन एकदम जोडली. हिरव्या खुणा एकामागून एक येत गेल्या, पडद्यावर ओळीने. एकोणचाळीस हिरव्या. दाराजवळचं लाल.

ते माझं मूळ मशीन होतं. तेच, शुक्रवारी ज्याच्यावर सगळं नीट चाललं होतं.

हेल्पलाइनच्या त्याच तरुणाने तपासून सांगितलं, “मॅडम, या पेटीच्या नावावर सकाळपासून चाळीस ठिकाणांहून लॉगिन झालंय. सर्व्हरने संशयित म्हणून पेटीच अडवलीय. आतला नंबर बदलून उपयोग नाही, सर्व्हर आता मदरबोर्डवरचा कारखान्याचा नंबर बघतोय. सोमवारी संध्याकाळी सुटेल.”

“सोमवारी सकाळी परीक्षा आहे.”

“माहीत आहे, मॅडम.”

“तिला दुपारी बसवता येईल?”

“एकच पाळी आहे.”

चाचा ऑफिसातला संगणक उचलून घेऊन आले. त्याच्यावर सॉफ्टवेअर चढेना, फार जुना. चार चाळीस झाले. त्या तरुणाने स्वतःहून फोन केला. “एकोणचाळीस मंजूर करतो. एक उमेदवार नांदेडला जाईल. आता यादीप्रमाणे दहा नंबर जाईल. पाच वाजता यादी बंद.”

दहा नंबर.

मी फोन हातात धरून उभी राहिले. लातूरपर्यंतच, असं ती म्हणाली होती. ती नांदेडला जाणार नाही, तिला सोडणार नाहीत, हे मला जितकं पक्कं माहीत होतं तितकं त्या दिवशी दुसरं काहीच माहीत नव्हतं. आणि अर्ध्या तासापूर्वीच मी शिकले होते की आसनक्रमांक माझ्या हातात आहे. त्या लाल मशीनला मी कुठलाही नंबर देऊ शकत होते. म्हणजे चाळीसपैकी कोणाला पाठवायचं, हे मी ठरवणार होते.

“चाचा, दहाच्या जागी दुसरी कोणी टाकू का?”

“चूक कुणाची?”

“माझी.”

“मग तुम्हीच टाका. मला इचारू नका.” आणि मग जरा नरमून, “पत्ते बघा. नांदेडकडं कोण राहतंय ते बघा.”

मी उमेदवारांच्या यादीतले पत्ते वाचत गेले. औसा, रेणापूर, लातूर, लातूर, निलंगा, चाकूर. तेहतीस नंबर, अहमदपूर. अहमदपूर नांदेडच्या रस्त्यावर, अर्ध्या वाटेत. तिला दोन्हीकडे सारखंच. मी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. अर्जावर दुसरा नंबर नव्हता. चार बावन्न.

मी लाल मशीनला तेहतीस नंबर दिला आणि तेहतीस नंबरच्या मशीनला दहा. सूचना फलकासाठी बदल लिहून घेतला. मग फोनवर म्हटलं, “तेहतीस रद्द करा.”

“खात्री आहे ना, मॅडम?”

“करा.”

पाचला एक मिनिट असताना केंद्र मंजूर झालं. चाचा म्हणाले, “मुबारक.” ज्या मुलीचा चेहराही मला माहीत नव्हता तिला न विचारता मी सत्तर किलोमीटरवर नांदेडला पाठवलं होतं, आणि ती अजून घरी बसून लातूरच्या परीक्षेची तयारी करत असणार होती. रात्रीपर्यंत नऊ वेळा फोन लावला. बंदच.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सहाच्या एसटीने मी अहमदपूरला गेले. नवं प्रवेशपत्र छापून घेतलं होतं. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. दारात तिची आई तूर पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितलं.

“ती कुठंय घरी,” आई म्हणाली. “काल गेली लातूरला, मावशीकडं. सोमवारी धावपळ नको म्हणून. तुमच्या कॉलेजाच्या मागंच राहतेय माझी बहीण.”

मी काल संध्याकाळी त्या गल्लीतूनच घरी गेले होते.

आईने बहिणीला फोन लावून माझ्या हातात दिला. मुलगी फोनवर आली. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं, आणि तिचंच नाव का घेतलं तेही. पत्ता पाहून, असं म्हटलं.

“मी तर इथं हाय मॅडम,” ती म्हणाली. “चालत आले असते. दुसरं कुणी न्हाई सापडलं?”

“दुसऱ्या एकीला घरून सोडलं नसतं.”

“आन् मला सोडत्यात म्हणून मी जायचं?”

“हो.”

आई सूप मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. मग मुलीने विचारलं, “सेंटर स्टँडपासून किती लांब हाय?”

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “तू दुपारच्या गाडीने घरी ये. तोवर सांगते.” प्रवेशपत्र आईच्या हातात दिलं. तिने पाणी विचारलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

स्टँडवर येऊन मी पुढची नांदेड गाडी पकडली. कंडक्टरला केंद्राचा पत्ता दाखवला. तो म्हणाला, “स्टँडला कशाला जाता? विष्णुपुरीच्या अलीकडं उतरा, फाट्यावर. आत चालत.”

“गाडी थांबते का तिथं?”

“सांगितलं की थांबतीय.”

मी फाट्यावर उतरले, घड्याळ पाहिलं आणि चालायला लागले. रस्ता सरळ, डाव्या हाताला एक गॅरेज, मग उसाचं शेत, मग निळं फाटक. माझ्या चालीने अकरा मिनिटं. रखवालदाराला विचारलं, तो म्हणाला सोमवारी सातलाच फाटक उघडणार, बायकांची बसायची सोय आत आहे, पाणी आहे. परत फाट्यावर येऊन अहमदपूरहून पहाटे सुटणाऱ्या गाड्या विचारून घेतल्या. पाच दहाची आहे, सात सव्वासातला इथं येते.

तिथूनच तिच्या मावशीच्या नंबरवर फोन केला आणि सांगितलं: स्टँडपर्यंत जायचं नाही, कंडक्टरला आधी सांगून ठेवायचं, गॅरेज डाव्या हाताला, निळं फाटक. तिने लिहून घेतलं. मी तिच्याकडून ते एकदा वाचून घेतलं. मग रस्ता ओलांडून लातूरच्या गाडीसाठी उभी राहिले.